बादली बदलण्यापुरती शांतता

५ फेब्रुवारी

टिटवे,

तुला एक आशीर्वाद आणि एक चापट. दोन्ही जपून ठेव, पुढे कोणतं लागेल सांगता येत नाही.

हे तुझी आई लिहितेय. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बोलतेय आणि ती ओट्यावर कागद ठेवून उतरवतेय. तुझा बाप पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग घेतोय, म्हणजे तासभर तरी इकडे फिरकणार नाही. मला अक्षर येत नाही, पण मला फसवणं सोपं नाही हे तुझ्या आईला एव्हाना कळलंय. मी लांबलचक बोलले आणि पेन चटकन थांबलं, की समजायचं बाईंनी कात्री लावली. आताही थांबलं. लिही गं, कात्री लावली तेसुद्धा लिही.

काल तिने फोनवर तुझा कार्यक्रम दाखवला. माझी पाचावर धारण बसली. डोक्याची एक बाजू भादरलेली आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत केस. मी विचारलं, न्हाव्याला मध्येच कुणी बोलावून नेलं का? तुझी आई हसली नाही, ती रडत होती. मग तू तोंड उघडलंस. मागे एक जण ढोलांवर काठ्या बडवतोय, एक बाई वाकड्या पितळी नळीत गाल फुगवून फुंकतेय, आणि तू मधोमध तुझ्या आजोबांसारखा संथ सूर लावून उभी. आग लागलेल्या बाजारात कुणी बाळाला झोपवावं तसं. मी छातीवर हात ठेवला. तुझ्या आईला वाटलं, झटका आला. आला होताच, पण कानांना.

मग मी म्हटलं, पुन्हा लाव.

चार वर्षं झाली तुला जाऊन. आधी त्या हॉटेलात सूप पिणाऱ्यांसमोर गायलीस, तिथे चमच्यांचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा. मग सहा महिने बोटीवर, ओकाऱ्या काढणाऱ्यांसमोर. मग चौघांचा बँड. तो दीड वर्षात फुटला, कारण तिघांना एकाच तऱ्हेचं गायचं होतं आणि तुला सगळ्या. आता स्वतःच शब्द लिहितेस, स्वतःच चाली लावतेस. कपडे धुण्याच्या मशीनवर गाणं केलंस म्हणे. दुकानदारांना कळत नाही तुझी तबकडी कोणत्या फळीवर ठेवावी. खालची शिवणवाली म्हणते, आजी, नात तुमची माझ्याच धंद्यातली, चार कापडांचे तुकडे जोडते. मी म्हटलं, शिवण दिसते का गं? ती म्हणाली, दिसते, पण उसवत नाही.

तुझा बाप तुझं नाव काढत नाही. तू निघालीस तेव्हा दारात एवढंच म्हणाला होता, 'जायचं तिथे जा, माझ्या बापाची एकही चाल सोबत न्यायची नाही.' पोरीने ती अट पाळलीय, हे मी त्याला जेवताना रोज ऐकवते. तो घास मोजत बसतो.

तीस मार्चला दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात गाणार आहेस, असं कळलं. दोन हजार माणसं येतील का, ही काळजी तू कर. ते केस तोवर वाढतील का, ही मी करते.

कळलं तर कळव.

तुझी आजी


३ मार्च

टिटवे,

आज आशीर्वाद नाही. नुसती चापट.

हे अक्षर शिवणवालीचं आहे. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. शिवणवाली शब्दाला शब्द लिहिते, कात्री तिची असली तरी ती कापडालाच लावते.

उशीचा अभ्रा फाटला होता म्हणून सकाळी तिच्याकडे उतरले. तिचा रेडिओ चालू होता. आत कुठेतरी नळ सुरू, बादली भरत होती. मी म्हटलं, बाई, नळ बंद कर, पाणी वाया चाललंय. ती म्हणाली, आजी, नळाला आज पाणीच नाही. मग कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला. हिवाळाभर रोज पहाटे माझ्याच घशातून निघतो तो.

आणि त्यानंतर मी गुणगुणायला लागले. मी इथे स्टुलावर, तोंड मिटलेलं, आणि तिथे रेडिओत मी गुणगुणतेय. माणूस मेल्यावर त्याला असंच बाहेरून स्वतःचं ऐकू येत असेल असं वाटलं, आणि वाटलं, एवढ्या लवकर? अभ्रा अजून शिवून व्हायचाय.

मग ढोल आला, गिटार आली, तू आलीस. होडीचं गाणं. तुझ्या आजोबांचं, जे वर्षानुवर्षं रोज सकाळी रेडिओवर लागायचं, शाळेतल्या पोरांना पाठ होतं, ज्याचं मानपत्र पुढच्या खोलीत काचेत लावलंय. गाणं संपलं आणि त्या निवेदकाने सांगितलं, 'चाल, गायिकेच्या आजीची.' शिवणवालीची मशीन अभ्र्यावरून भरकटत थेट काठाबाहेर गेली.

अगं, हे काय करून बसलीस?

ते पकडलंस कधी, ते आलं माझ्या लक्षात. जायच्या आदल्या दिवशी न्हाणीघराच्या खिडकीत फोन ठेवून म्हणाली होतीस, चार्जिंगला लावलाय. न्हाणीघरात कुठे आलंय चार्जिंग! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मीही म्हातारी, मान डोलावली.

पण चाल आजोबांचीच आहे. नीट ऐक. तुझ्या आजोबांचा गळा सोन्याचा होता आणि डोकं चाळणीचं. सकाळी बसवलेली चाल दुपारी हरवायची. मग पुढच्या खोलीतून हाक यायची, 'अगं, कालची कुठवर आली होती?' मी चुलीपाशी होते तिथूनच गुणगुणून दाखवायचे, आणि ते उचलायचे. शिकायला येणाऱ्या पोरांना वाटायचं, भिंत बोलते. मी भिंत होते, एवढंच. भिंतीला कुणी चालीची मालकीण म्हणत नाही.

तेव्हा रेडिओवाल्यांना सांग, चूक झाली. तुझ्या बापाच्या कानावर अजून गेलेलं नाही. जाईल तेव्हा घराचं छप्पर जागेवर राहील याची हमी मी देत नाही.

आजी


११ मार्च

टिटवे,

छप्पर आहे. बाकीचं सांगते.

आज तुझी आई लिहितेय, आणि तिला मी सांगून ठेवलंय की आज पेन थांबवलंस तर रात्रीची भांडी तुझी.

तुझ्या बापाला वर्गातल्याच एका पोरीने ऐकवलं. तिला वाटलं, सर खूश होतील. त्याने वर्ग सोडला, सगळ्यांना घरी पाठवलं आणि त्या मानपत्राखाली जाऊन उभा राहिला. मी चहा नेला तर म्हणाला, 'तिने माझ्या बापाला चोर ठरवलं, आई.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तुझ्या तबकडीच्या कंपनीला पत्र धाडलं. कंपनीचं उत्तर काल आलं. पंचवीस तारखेपर्यंत वारसाने, म्हणजे कागदोपत्री तुझ्या बापाने, लिहून दिलं की चाल माझीच आहे, तर ठीक. नाहीतर तबकडी दुकानांतून परत, गाणं रेडिओवरून बंद आणि तीसचा कार्यक्रम रद्द. हे सगळं तुला माहीत असणारच. तुझ्या आईला काल कळलं आणि तिने डाळीत दोनदा मीठ घातलं.

तुझं पत्रही पोचलं. शिवणवालीने वाचून दाखवलं, मग मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तू लिहिलंस, 'आजी, मला कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं.' त्या गाण्यात मध्येच चाल थांबते ना, होडी मधोमध आल्यावर. त्या थांबण्यावर किती शहाण्यांनी लिहिलं होतं! एकाने म्हटलं, ती मृत्यूची शांतता आहे. एकाने म्हटलं, नदीचा श्वास आहे. आजोबा स्वतः दरवेळी तिथे अडखळायचे, कधी लवकर उचलायचे, कधी उशिरा, कारण इथे नेमकं किती थांबायचं ते त्यांना कधी कळलंच नाही. आणि तू म्हणतेस, तुझ्या फोनमध्ये त्या जागी भरलेली बादली सरकवल्याचा आणि रिकामी नळाखाली ठेवल्याचा आवाज आहे. बरोबर तेवढाच वेळ. मग पुन्हा सूर खालून सुरू.

तुझे कान कापून ठेवायला हवे होते लहानपणीच.

बरं. ऐक आता, आणि गं सूनबाई, तूही ऐक. पेन थांबलं. चालव.

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझा बाप दोन महिन्यांचा होता आणि त्याला एकच काम जमायचं, लंगोट ओला करणं. दिवसाला वीस. मी न्हाणीघरात बादल्या भरत बसायचे. बादली भरताना ऐकलंयस ना, आधी पाणी खर्जात बोलतं, मग भरत जाईल तसा आवाज चढत जातो, आणि काठाशी आला की बारीक होतो. मी त्याच्या मागोमाग गुणगुणायचे, दुसरं करायला काय होतं? भरली की थांबायचं, बादली बदलायची, पुन्हा खालून. आठवडाभरात चाल झाली. मला कळलंही नाही की ही चाल आहे. तुझे आजोबा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, 'पुन्हा म्हण.' म्हटली. महिन्याभराने त्यात होडी बसलेली, आणि ती रेडिओवर होती, त्यांच्या नावाने.

मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या चहात अर्धा चमचा साखर कमी घातली. ते जाईपर्यंत, तीस वर्षं. त्यांना वाटायचं, साखरच हल्ली गोड येत नाही.

तर झालं. पहिल्यांदाच सांगतेय. तुझ्या आईचा चेहरा बघायला हवा होतास. कपाळावर पेनाची शाई लागलीय तिच्या.

उद्या तुझ्या बापाला सांगते.

आजी


१९ मार्च

टिटवे,

शिवणवाली लिहितेय. कागद तिच्या मांडीवर आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझ्या बापाला सांगितलं. लंगोटासकट. त्याने ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'आई, वय झालं तुझं. पोरीच्या मायेपोटी तुला तसं आठवतंय.' म्हणजे पन्नास वर्षं गप्प बसल्याचं हे बक्षीस. वर म्हणाला, बाबांच्या वहीत सगळ्या चाली आहेत, त्यांचं छापलेलं पुस्तकच कंपनीला दाखवतो.

वही म्हणजे ती काळ्या पुठ्ठ्याची. आजोबा चाळणीच्या डोक्याचे म्हणून जे काही बसवलं ते त्यात उतरवून ठेवायचे. कपाटाच्या वरच्या फळीवर असते. ती रोज मी पुसते. रोज, पन्नास वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते म्हणणारीला मी भेटले नव्हते, नाहीतर तिने माझंच उदाहरण दिलं असतं.

आज तो वर्गात असताना वही पदराखाली घेतली आणि खाली आले. म्हटलं, बघू तरी त्या वहीत माझ्याविरुद्ध काय लिहिलंय. शिवणवालीला म्हटलं, होडीचं गाणं काढ.

तिने काढलं. वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वाचलं, मोठ्याने.

'चाल हिची. बादल्या भरताना.'

त्यांच्याच हातचं, ती म्हणाली. शाई एकच, वरच्या ओळीची आणि ही. मागून घातलेलं नाही.

टिटवे, मी म्हटलं, पुढे बघ. शिवणवालीने पानं उलटली. अशी सात गाणी निघाली. 'चाल हिची, पीठ चाळताना.' 'मधला तुकडा हिचा, मी विसरलो होतो.' 'ही पूर्ण हिची, मला फक्त शब्द.' कुठे तारीख, कुठे नाही. सगळं लिहून ठेवलं त्या माणसाने. जे माणूस छत्री, चष्मा, एकदा तर स्वतःच्या पोराला दुकानात विसरून आलं, ते यातलं एकही विसरलं नाही. विसरलं ते एवढंच, की मला वाचता येत नाही.

आणि आता मला आठवतंय. एका दुपारी ही वही टेबलावर माझ्यासमोर उघडून ठेवली होती त्यांनी. नुसते उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटलं, पानावर चहाच्या कपाचं गोल उमटलंय ते पुसायला सांगतायत. मी पदराने पुसलं आणि वही मिटून वर ठेवली. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि मग पुढच्या खोलीत गेले. शिवणवालीला म्हटलं, गोल आहे का बघ. आहे. होडीच्या पानावर. पुसटसं.

त्यांना वाटलं असेल, हिने वाचलं आणि हिला काहीच वाटलं नाही. आणि मी वर साखर कमी घालत राहिले.

थांब, अजून संपलं नाही. घरी जायला उठले आणि जिन्यात पाय अडकला. ते गेल्यावर त्यांच्या चालींचं पुस्तक निघालं ना, जाडजूड, सोनेरी नावाचं. ते या वहीवरूनच निघालं. वहीतून कागदावर सगळं कुणी उतरवलं? तुझ्या बापाने, एकट्याने, तीन महिने पुढच्या खोलीत बसून. चहा मीच नेऊन देत होते. पुस्तक आलं तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याने मला वाचून दाखवलं. होडीचं पानही वाचलं.

त्यात 'हिची' नव्हतं.

त्याला वीस वर्षं माहीत आहे, टिटवे. मला म्हणाला, वय झालं तुझं.

जिन्यातच बसून हे सांगितलं. शिवणवाली माझ्या खालच्या पायरीवर बसलीय. वरून वर्गातल्या पोरांचा आवाज येतोय, आणि काय गातायत विचार. होडी. त्या थांबायच्या जागी तो पोरांना टाळी वाजवून चार मोजायला लावतो. चार नसतात गं. बादली केवढी आहे त्यावर असतं ते.

आजी


२३ मार्च

टिटवे,

अक्षर ओळखलंस? दचकू नकोस. मी चार दिवस दचकतेच आहे.

तुझा बाप लिहितोय. मी सांगेन तेच लिहायचं, असं ठरलंय. पेन वर्गातलं आहे, लाल शाईचं, पोरांच्या चुका दाखवायचं. दुसरं घेऊ का म्हणाला. मी म्हटलं, हेच बरं.

चार दिवस वही उशीखाली ठेवून निजले. आज सकाळी वर्ग संपल्यावर वही त्याच्यासमोर टेबलावर उघडून ठेवली, गोल असलेलं पान. आणि उभी राहिले, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने वाचलं असं मी म्हणणार नाही, त्याने बघितलं. वाचायची गरज नव्हती त्याला. या वेळी मी पुसलं नाही, मिटलंही नाही.

शेवटी म्हणाला, 'आई, लोक हसले असते.'

'कुणाला?'

'बाबांना. ज्या शांततेवर लोकांनी लेख लिहिले ती लंगोटांच्या बादलीची आहे म्हटल्यावर.'

'हसू दे की. तू तर लहानपणी त्या बादलीत बसून हसायचास.'

मग सांगितलं त्याने. आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेले लोक दारात म्हणायचे, या एका चालीवर हा माणूस जिवंत राहील. आणि त्याच संध्याकाळी त्याच्या हातात हे पान. तो म्हणाला, वाटलं, हे छापलं तर बाबा दुसऱ्यांदा जातील. म्हटलं, पुस्तक निघालं की आईला सांगू. मग म्हटलं, पोरगी मोठी झाली की. मग पोरगी मोठी झाली आणि तिला दारात म्हटलं, माझ्या बापाची चाल न्यायची नाही. तेव्हाच त्याला ठाऊक होतं की ती बापाची नव्हे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण आवळून धरलेल्या मुठीची बोटं किती दुखतात, ते या म्हणीत कुणी सांगितलं नाही.

मी त्याला माफ केलं का, हे विचारू नकोस. उद्यापासून त्याच्या चहात किती साखर पडते त्यावरून त्याला कळेल.

मग मी म्हटलं, बस, लिही. कंपनीचं पत्र आधी. ते झालं, वेगळ्या पाकिटात आहे, तातडीच्या टपालाने जाईल, सही वारसाची. मग म्हटलं, आता पोरीला. लिही, होडीची चाल माझ्या आईची आहे. लिहिलं. लिही, आणखी सहा आहेत, त्याही तिच्या, तुला हव्या त्या घे, ढोल बडव, नळीत फुंक. लिहिलं, पण 'बडव'ला जरा वेळ लागला. लिही, मला ठाऊक होतं.

पेन थांबलं.

आत तुझ्या आईने नळ सोडला होता. बादली खर्जातून वर चढत गेली, चढत गेली, काठाशी आली. तो कागदाकडे बघत बसलेला, कान तिकडे. पन्नास वर्षं गाणं शिकवलेल्या घरात त्याने ते पहिल्यांदा ऐकलं असावं.

मी म्हटलं, 'भरली बाळा. बदल, आणि पुढे चल.'

पेन चाललं. मला ठाऊक होतं. वीस वर्षं. आवाजावरून सांगते, पुरतं लिहिलंय, कात्री लावलेली नाही.

तीस तारखेला आम्ही चौघं येतोय. शिवणवालीही. तिने मला नवं पातळ आणलंय आणि तुझा बाप कोणता सदरा घालू म्हणून तीनदा विचारून गेला, म्हणजे भीती कुणाला आहे ते समज. पुढच्या रांगेत बसव, मला त्या न्हाव्याचं काम जवळून बघायचंय. आणि त्या थांबायच्या जागी तुझ्या ढोलवाल्याला सांग, काठ्या खाली ठेव. मोजू नको म्हणावं. मी मान हलवेन तेव्हा सुरू कर.

एवढंच. मी थांबले. पण हा थांबत नाहीये. मधूनच दुसरा कागद ओढून घेतो, त्यावर काहीतरी लिहितो, नाक ओढतो, परत या कागदावर येऊन माझं उतरवतो. काय लिहितोस विचारलं तर म्हणाला, 'ते माझं आहे.' तो कागदही याच पाकिटात येईल. मी विचारणार नाही, शिवणवालीलाही वाचायला लावणार नाही. अक्षर येत नाही याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला म्हणायचा.

आजी